चूलबंद आवतन

सुजाताअक्का गेली त्याचा फोन आला तेव्हा मी पाळणाघराच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होतो. फोन तिच्या मुलीचा, संघमित्राचा, धुळ्याहून. माझा एक कान कामातून गेलेला, त्यात आत लेकरांचा गलका, म्हणून मी फोन चांगल्या कानाला लावला आणि ओरडलो, "बोल पोरी!" ती म्हणाली, "नाना, आई गेली." मी विचारलं, "कुठे? शिंदखेड्याला?" वर आणखी मी म्हटलं, "अगं, आजारी बाईला कशाला पाठवता गावोगाव? परत कधी येणार?" मग ती पोरगी रडली, तेव्हा मला कळलं. यात माझी चूक नाही. इतक्या वर्षांत त्या घरी कधीही फोन लावला तर हेच ऐकलं होतं... आई शिंदखेड्याला गेली, आई जामनेरला गेली, आई आता इथे होती आणि पिशवी घेऊन गेली. त्या बाईच्या बाबतीत 'गेली' या शब्दाचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अजूनही नीट येत नाही.

मी लिहिणारा माणूस नाही. चौथीत असताना मास्तरांशी भांडून शाळा सोडली, ती सोडलीच. या पुरवणीच्या साहेबांनी सांगितलं होतं, "नाना, तुम्ही बोला, आमचा माणूस लिहून घेईल." मी म्हटलं, माझ्या माणसाबद्दल मीच लिहीन, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं तुम्ही बघा. तर अक्का काय काम करायची हे एका वाक्यात सांगायचं तर ती लोकांना मागायला शिकवायची. गावोगावच्या लहान संस्था असतात, बचत गट, वाचनालयं, अपंगांचे गट. बाहेरून मदत येते तोवर चालतात आणि ती थांबली की कुलूप. अक्का त्यांना शिकवायची की आपल्याच गावातून, आपल्याच बाजारातून मदत कशी उभी करायची. कागदावर त्याचं नाव फार मोठं आहे, ते मला अजून नीट म्हणता येत नाही. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत तिनं किती जणांना शिकवलं त्याला गणती नाही. मला शिकवायला तिला जितका वेळ लागला तितका मात्र कुणाला लागला नसेल. आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागणारही नव्हतो.

आमचं गाव भडगावपासून जवळ, गिरणेच्या काठाचं. कपाशीची वेचणी सुरू झाली की बाया दिवस उगवायच्या आत शेतात जातात. तान्ही लेकरं पूर्वी बांधावर असायची, निंबाच्या फांदीला झोळी बांधून. एका वर्षी अशा एका झोळीला मुंग्या लागल्या. लेकरू रडून रडून निळं पडलं, तरी ओळीत लांब गेलेल्या आईला ऐकू आलं नाही. ते वाचलं, आता चांगलं दांडगं झालं आहे. पण त्या दिवशी माझी बायको लीलाबाई शेतातून घरी आली आणि मला म्हणाली, "बैल ईकी टाकात, गोठा रिकामा शे. आते लेकरे आठे ऱ्हातीन." तिनं मला विचारलं नाही, सांगितलं. मी गोठा शेणानं सारवून दिला, गव्हाणीला फळ्या ठोकून तिचं लेकरांना झोपवायचं ठिकाण केलं. असं आमचं पाळणाघर. पुढे पुण्याच्या एका संस्थेनं मदत दिली. दूध आलं, दुपारचं जेवण आलं, सांभाळायला कमलबाई आली. लीलाबाई गेली तरी ते चाललं, आणि खरं सांगायचं तर लीलाबाई गेल्यावर मीही त्या ओट्यावर बसूनच चाललो. सकाळी लेकरं आली की घरात माणूस आल्यासारखं वाटायचं.

मग एके दिवशी संस्थेची माणसं आली, गोड बोलली, म्हणाली आता तुम्ही स्वतःच्या पायावर उभे राहा. वेचणी तोंडावर होती. जाता जाता त्यांनी जळगावला आमच्यासारख्यांचं शिबिर ठेवलं. गोठा माझा म्हणून समितीचा अध्यक्ष मी, म्हणून जावं लागलं. मोठा हॉल, वर पंखे, समोर बॅनर. आणि बॅनरच्या पुढे ही बाई उभी. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला एक ढगळ निळी कापडी पिशवी, जिच्यात खडूपासून चिवड्यापर्यंत सगळं. तिनं नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "शेजारी बसलेल्या माणसाकडे काहीतरी मागा. तुम्हाला खरंच हवं असेल ते." झाला गोंधळ सुरू. कुणी पेन मागितलं, कुणी चिमूटभर तंबाखू. जामनेरकडच्या एकानं शेजाऱ्याचा ट्रॅक्टरच मागितला. मी हाताची घडी घालून बसलो होतो. ती माझ्यासमोर आली.

"नाना, तुम्ही काय मागितलं?"

"मला काही नको."

"पाणीसुद्धा?"

"तहान लागली की उठून पितो."

"बरं, मग मीच मागते. तुमची टोपी द्या."

टोपीवर हात ठेवून मी म्हटलं, "ती नाही मिळायची, बाई. ती मी कुणापुढे उतरवत नाही."

"मग एक ग्लास पाणी तरी द्या."

मी उठलो, माठातलं पाणी आणून दिलं. तिनं ते सगळं पिऊन टाकलं, ग्लास उलटा करून लोकांना दाखवला आणि म्हणाली, "बघा. टोपी मागितली ही माझी चूक. माणूस हसून जे देईल ते शोधून काढा आणि ते मागा. नाही मिळालं तर तोंड पाडू नका, दुसरं मागा." लोक हसले. मी हसलो नाही. पण ते पाणी आपण हसून दिलं होतं का, याचा विचार मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरला.

सुट्टीत मी मुद्दाम तिच्यासमोर ताट घेऊन बसलो. म्हटलं, "बाई, तुमचं चालू द्या, पण मागणं म्हणजे भीक. आमच्या घराण्यात कुणी कुणाच्या दारात उभं राहिलेलं नाही." तिनं घास खाली ठेवला. रागावली नाही. म्हणाली, "नाना, मागणं काय असतं ते मला सांगू नका. माझी आजी सणाच्या दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन दारोदार जायची. वर्षभर गावाचं काम केलेलं, त्याचा तो हक्क. तरी ओट्याच्या खाली उभं राहायचं आणि मान खाली घालून मागायचं. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा माझ्या बापानं ती टोपली चुलीत घातली. मी लहान होते, पण ती जळताना पाहिलेली आठवते. तुमच्या घराण्यानं कधी मागितलं नाही, कारण तुम्हाला कुणी मागायला लावलं नाही. मी शिकवते ते टोपलीतलं मागणं नाही. हे ओट्यावर चढून, डोळ्याला डोळा भिडवून मागायचं. आणि स्वतःसाठी नाही, सगळ्यांसाठी." एवढं बोलून तिनं परत जेवायला सुरुवात केली आणि मला म्हणाली, "जिलेबी खा, गार होतेय."

मी जिलेबी खाल्ली. आणि तिला बाई म्हणायचं त्या दिवशी सोडलं. वयानं माझ्याहून बरीच लहान, तरी सगळे म्हणत तसं मीही अक्का म्हणू लागलो.

पुढच्याच आठवड्यात अक्का आमच्या गावी आली. गोठ्यात समिती बसली. समिती म्हणजे मी, कमलबाई आणि पिठाच्या गिरणीवाला हिलालभाऊ. हिलाल माझ्या बरोबरीचा, लहानपणापासून माझी खोड काढणं हाच त्याचा मुख्य धंदा, गिरणी जोडधंदा. अक्कानं आम्हाला 'तीन क' शिकवले. दारात गेलं की आधी सांगायचं कोण आलंय, मग कशासाठी, मग काय हवं. तीन वाक्यं, चौथं नाही. चौथं वाक्य रडगाणं असतं, असं ती म्हणायची. कमलबाईनं ती वाक्यं गोठ्यामागच्या म्हशीला म्हणून दाखवून पाठ केली. हिलाल म्हणाला, म्हैस दूध द्यायला तयार झाली. बेत असा ठरला की रविवारी भरताचं जेवण ठेवायचं, दोन्ही गल्ल्यांत घरटी एक माणूस बोलवायचा, आणि आवतन देतानाच तीन क सांगायचे. जो येईल त्यानं वेचणीच्या दिवसांत पाळणाघराला काय देता येईल ते ठरवून यायचं. कुणी दूध, कुणी डाळ, कुणी एक दिवस लेकरं सांभाळेल. वांगी हिलालच्या मळ्यातली. भाजायची कपाशीच्या काड्यांवर आणि ठेचायची बडगीत, म्हणजे लाकडात कोरलेल्या कुंडीत. हे काम माझं. या पंचक्रोशीत माझ्यासारखं भरीत कुणी ठेचत नाही, हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

आवतनाला खालची गल्ली कमलबाईकडे, वरची माझ्याकडे. अक्का मला म्हणाली, "नाना, तीन वाक्यं." मी म्हटलं, "माले ते जमाव नही." ती हसली आणि माझ्याच बोलीत म्हणाली, "एकदाव मांगी देखा, नाना." एकदा मागून तर बघा. मग ती जळगावच्या गाडीत बसली.

पहिलं दार माझ्या चुलतभावाच्या सुनेचं. मी ओट्यावर चढलो. पोर धावत आली, पदर घेतला, पायाला हात लावला, पाण्याचा तांब्या आणला. आता मला सांगा, जी पोर पायाला हात लावते तिच्याकडे काय मागायचं? माझी तीन वाक्यं घशात अडकली. एक खाली जाईना, दुसरं वर येईना. आणि तोंडातून निघालं, "ऐतवारले जेवाले या."

"कितला जन, नाना?"

कितला जन! मी दारात उभा, माझ्या तोंडचं आवतन, आणि ही डोकी विचारते? मी म्हटलं, "कितला म्हंजे? चूलबंद शे!"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे आवतन दोन तऱ्हेचं. घरटी एक म्हणजे घरातला एक जण येतो. चूलबंद म्हणजे अख्खं घर, म्हातारी-कोतारी आणि आलेले पाहुणे धरून. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. आणि एका दारात चूलबंद म्हटलं की शेजारच्या दारात घरटी एक म्हणता येत नाही, तो अपमान होतो, त्यावरून सोयरिकी मोडल्या आहेत. म्हणून मी अख्ख्या वरच्या गल्लीला चूलबंद देऊन आलो. संध्याकाळपर्यंत खालच्या गल्लीला कळलं आणि तिथे रुसवे सुरू झाले, मग त्यांनाही देऊन आलो. ज्या दोन-चार वस्त्या आमच्या यादीतच नव्हत्या त्यांनी काय पाप केलं होतं? त्यांनाही. पाळणाघराचं नाव मी कुठेच काढलं नाही. हिलाल गिरणीच्या दारात पिठानं पांढरा होऊन उभा होता. म्हणाला, "नाना, बठ्ठा गावले जेवाले बलाय. वांगा कितला शेतस?" मी म्हटलं, "तू दळण दळ."

रविवारी सकाळी अक्का गाडीतून उतरली आणि हिलालनं तिला थांब्यावरच गाठून सगळं सांगितलं. माझ्याआधी सांगायची त्याला घाईच होती. ती गोठ्यात आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"नाना, काय केलंत?"

"आवतन दिलं."

"आणि मागितलं काय?"

"आवतन देणारा मागतो का?"

कमलबाई कोपऱ्यात डोळ्याला पदर लावून बसली होती. दोन पाट्या वांगी, एक गोणी पीठ, आणि येणार अख्खं गाव. त्या दिवशी पंगत उपाशी उठली असती तर पाळणाघर तर गेलंच असतं, माझं नाकही गेलं असतं, आणि वेचणीची लेकरं पुन्हा झोळीत. मला वाटलं, आता ही बाई मला फाडून खाईल. तिनं काय केलं, तर ती गव्हाणीच्या कडेवर बसली आणि हसायला लागली. चष्मा काढून डोळे पुसले, परत हसली. मग एकदम थांबली. म्हणाली, "चूलबंद... म्हणजे आज गावात एकही चूल पेटणार नाही?"

"कुणाची माय व्याली आहे पेटवायला! मी आवतन दिलंय."

"मग प्रत्येक घरात आजचं पीठ परातीत न पडता राहिलं. आजचं सरपण राहिलं. आजचं तेल, आजची मिरची... नाना, ते कुठे आहे?"

मी म्हटलं, "ज्याच्या त्याच्या घरी."

"चला," ती म्हणाली, आणि मला ओढतच ग्रामपंचायतीच्या भोंग्याकडे घेऊन गेली. मी आधीच सांगितलं, मागणार नाही. ती म्हणाली, "मागू नका. तुमच्या आवतनाचा नियम तेवढा सांगा." ते मला येत होतं. मी भोंग्यात बोललो, "आज चूलबंद शे. कोना घरमाईन धूर दिसना त मनाशी गाठ शे!" कुणाच्या घरातून धूर दिसला तर माझ्याशी गाठ आहे, एवढंच. मग अक्कानं माझ्या हातातून माईक घेतला. तिची ती तीन वाक्यं मला पाठ आहेत. "मी सुजाता, तुमच्या पाळणाघराच्या कामासाठी आलेय. वेचणीच्या दिवसांत तुमची लेकरं बांधावर राहू नयेत म्हणून आजची पंगत आहे. तुमच्या चुलीवर आज जे शिजणार होतं ते घेऊन या, आज ते एका मोठ्या चुलीवर शिजेल."

आधी कुणीच आलं नाही. मी काड्या पेटवून बसलो होतो, अक्का कपाळाला आठ्या घालून रस्त्याकडे बघत होती. मग ती चुलतभावाची सून आली, ओच्यात पीठ, कडेवर लेकरू, मागे सासू. ते मुंग्यांचं लेकरू तिच्या धाकट्या जावेचं होतं, हे मला तेव्हा आठवलं. तिच्यामागे मग गल्लीच आली. कुणी परातीत पीठ, कुणी टोपलीत वांगी, कुणी डोक्यावर काड्यांचा भारा. एका म्हातारीनं नुसत्या हिरव्या मिरच्या आणल्या, आणि त्या अशा तिखट की सगळ्या पंगतीला ती आठवत राहिली. वस्तीवरून बाजरी आली, आमच्या गल्लीतून ज्वारी, कुठून कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, सगळं एकाच मोठ्या परातीत पडलं. आमच्या गावात सगळ्या घरांचं पीठ एका परातीत याआधी कधी पडलं नव्हतं. अक्का त्या परातीकडे बराच वेळ बघत उभी होती. मी बडगीत मुसळ घालत होतो, मला दिसत होतं. मग ती बाह्या सारून भाकरी थापायला बसली. त्या भाकरीला कुठलाच एक रंग नव्हता, पण फुगत होती मस्त. पंगती उठल्यावर उरलेल्या पिठानं पाळणाघराची कोठी गळ्यापर्यंत भरली. हिलाल ढेकर देऊन म्हणाला, "नाना, तू एवढा येडा शे हाई माले माहीत व्हतं, पन कामना येडा शे हाई आज समजनं." कामाचा वेडा... त्याच्या तोंडून ही शाबासकीच.

पुढची गोष्ट कमलबाईच्या तोंडून निघाली. भांडी घासता घासता ती म्हणाली, "अक्का, लग्नसराईत तर रोजच कुणाची ना कुणाची चूल बंद असते." अक्कानं हातातलं भांडं खाली ठेवलं. आणि तिथेच आमच्या गावचा रिवाज ठरला. लग्न असो, बारसं असो, ज्या घराला चूलबंद आवतन येईल त्यानं त्या दिवसाचं आपलं पीठ पाळणाघराला द्यायचं. दाणे असतील तर हिलाल फुकट दळणार. त्या दिवसापासून आमचं पाळणाघर बंद पडलेलं नाही. पुण्याहून लोक बघायला येतात, फोटो काढतात, मी टोपी सरळ करून बसतो.

आमचं भांडण सुरू झालं ते त्यानंतर. अक्का ही गोष्ट गावोगाव सांगू लागली, आणि तिचं नाव तिनं काय ठेवलं, तर 'नानांची चूक'! मला हे कळलं शिंदखेड्याला. तिनं मला मुद्दाम बरोबर नेलं होतं. समोर बायांचा गट बसलेला, आणि ही फळ्यावर खडूनं लिहिते, नानांची चूक. मी शेवटच्या रांगेतून उठलो. "अक्का, चूक नव्हती ती!" ती म्हणाली, "ठरलं होतं घरटी एक, तुम्ही दिलं चूलबंद. याला काय म्हणायचं?" मी म्हटलं, "याला इज्जत म्हणतात." बाया हसून लोळल्या. पण त्याच बायांपैकी एक उठली आणि म्हणाली, आमच्याकडेही असंच होतं, मागायला गेलं की बोलावूनच येतो. आणि मग त्या सगळ्याच बोलायला लागल्या. जामनेरला बाजाराजवळच्या अपंगांच्या गटानं तिचं ऐकून व्यापाऱ्यांकडे पैसा न मागता रिकामी बारदानं मागितली, आणि त्यांच्या पिशव्या शिवून धंदा उभा केला. एका ठिकाणी तर लोक मलाच विचारू लागले, "ते चुकीवाले नाना तुम्हीच का?" दर वेळी ती फळ्यावर तेच लिहायची, दर वेळी मी उठायचो. परतीच्या गाडीत ती चिवडा काढायची, म्हणायची, "आज तुमचा राग छान लागला, नाना." मी म्हणायचो, यापुढे येणार नाही. पुढच्या वेळी तिचा फोन आला की धोतर धुवून तयार असायचो.

मग तिचं दुखणं निघालं. जळगावचं घर बंद करून लेकीनं तिला धुळ्याला नेलं. मी शेवटचा भेटायला गेलो तेव्हा हिवाळा होता, भरताची हिरवी वांगी पिशवीभर घेऊन गेलो होतो. पलंगावर इतकीशी झाली होती, पण चष्मा डोळ्यांवर. मला बघून म्हणाली, "काय नाना, मागायला आलात?"

"बघायला आलो."

"मग जरा लांब उभे राहा, जवळून बरी दिसत नाही."

संघमित्रा म्हणाली, वांगी गॅसवर भाजते. मी म्हटलं, पोरी, गॅसवर भरीत करायचं असेल तर वांगी परत दे. अक्का हसली, तिला खोकला लागला, लेकीनं पाठ चोळली. तिखट तिला बंद होतं. तिनं एक वांगं हातात घेऊन नुसता वास घेतला. निघताना माझा हात धरून म्हणाली, "नाना, इतकी वर्षं झाली. सगळा खानदेश मागायला शिकला, तुम्ही नाही शिकलात. एकदाव मांगी देखा ना माझ्याकडे काहीतरी."

मी म्हटलं, "तब्येत सांभाळ."

"हे मागणं नाही, हा हुकूम झाला," ती म्हणाली. "जा आता, गाडी चुकेल."

तिच्या पुण्यानुमोदनाला आम्ही गावातून जीपभर माणसं गेलो. हिलाल होता, कमलबाई होती, ती चुलतभावाची सून होती. शिंदखेड्याच्या बाया होत्या, जामनेरचे बारदानवाले होते. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, लोक बोलले. मला बोलायला सांगितलं, मी उठलो नाही. एका साहेबानं भाषणात 'नानांची चूक' सांगितली आणि सगळी माणसं माझ्याकडे वळून बघू लागली. माझ्या उठण्याची वाट बघत असावीत. मी बसूनच राहिलो... ज्या बाईशी भांडायचं तीच नव्हती, तर उठून कुणाशी भांडू?

जेवणं झाल्यावर संघमित्रानं मला आत स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर ती निळी पिशवी ठेवलेली होती, तोंड सुतळीनं बांधलेलं, फुगलेली. पोरगी म्हणाली, "नाना, आई गेली त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी जेवण आणलं. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं की ज्या दिवशी मी जाईन त्या दिवशी आपलं घर चूलबंद असेल, तेव्हा त्या दिवसाचं पीठ बाजूला काढायचं. ते हे."

मी हात पुढे केला. तिनं पिशवी मागे ओढली.

"पण आईची अट आहे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ मात्र आईसारखेच, हसू दाबलेले. "नानांनी मागितलं तरच द्यायचं, म्हणाली."

मी त्या पिशवीकडे बघितलं. मेली ती मेली, पण जाताना मला कोंडीत धरून गेली. दारात हिलाल येऊन उभा राहिला होता. मी घसा खाकरला. मग म्हटलं, "मी भडगावकडचा नाना. गोठ्यातल्या पाळणाघरासाठी आलोय. पोरी, आम्हाला... तेवढं पीठ दे."

चौथं वाक्य बोललो नाही. चौथं रडगाणं असतं.

दुसऱ्या दिवशी कमलबाईनं त्या पिठाच्या भाकरी केल्या. लेकरांनी गूळ-तूप लावून खाल्ल्या, दोघांनी भिंतीला पुसल्या, एकानं माझ्या धोतराला. रिकामी पिशवी मी झटकून गोठ्यातल्या खुंटीला टांगली, त्याच खुंटीला, जिथे त्या रविवारी तिनं ती टांगली होती. आता कुणाच्या घरी चूलबंद आवतन आल्याचं कळलं की मी ती खांद्याला लावतो आणि निघतो. पूर्वी कमलबाई जायची, आता मी जातो. ओट्यावर चढतो, कोण, कशासाठी, काय, तीन वाक्यं म्हणतो, डोळ्याला डोळा भिडवून. हिलाल गिरणीतून ओरडतो, "आला रे मांगनारा!" ओरडू दे.

टोपी मात्र डोक्यावरच असते. ती तिलाही मिळाली नव्हती. आणि ती चूक नव्हती, अक्का... हे तुला एकदा मान्य करावंच लागेल.